बहिऱ्या मुलाची मराठी

मोल्स्वर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश मुंबईंत १८३१ सालीं निघाला. परदेशांतून आलेल्या माणसांना मराठी शिकणें सुलभ व्हावें, हा त्याचा एक मोठा उपयोग. पुढें १८३६ सालीं दादोबा पांडुरंग तर्खडकर ह्यांचें व्याकरण प्रसिद्ध झालें. मराठी ज्यांच्या तोंडीं आधींच होती, त्यांना तिचे नियम त्यांतून कळूं लागले. परंतु ह्या दोन्ही ग्रंथांच्या कक्षेबाहेर राहिलेला एक विद्यार्थी ह्याच शहरांत होता. गिरगांवांतील मराठी घरांत जन्मूनही तो मराठीला परकाच राही. आणि साहेबाजवळ जशी त्याची इंग्रजी होती, तशी आधारास घेण्याजोगी कोणतीही भाषा त्याच्याजवळ नव्हती. तो विद्यार्थी म्हणजे जन्मतः बहिरें मूल. त्याला वाचावयास शिकविण्याचा इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

प्रथम अडचण कोठें आहे तें पाहूं. ऐकूं येणारें मूल शाळेंत जातें तेव्हां मराठी बरोबर घेऊनच जातें. चाळीच्या गॅलरींत, नळावरच्या भांडणांत, आजीच्या गोष्टींत ती त्याच्या कानांवर अखंड पडत असते. 'घर' ह्या शब्दाला 'ला' प्रत्यय लागतांच 'घराला' कां होतें, हें त्याला कोणी शिकवीत नाहीं. तरी पांचव्या वर्षीं तें सहसा चुकत नाहीं. शाळेला फक्त त्या बोलीला अक्षरें जोडून द्यावयाचीं असतात. बहिऱ्या मुलाला 'क कमळाचा' असें पाटीवर दाखविलें, तर त्याला अक्षर नवें आणि 'कमळ' हा शब्दही नवाच. फूल त्यानें पाहिलेलें असतें. पण त्याला नांव आहे हेंच त्याला ठाऊक नसतें. लिहिलेली मराठी ही त्याची दुसरी भाषा होय, आणि तीही पहिलीच्या आधारावांचून शिकावयाची!

हा प्रश्न केवळ शाळेपुरता नव्हता. मनुस्मृतीनें जन्मांध व जन्मबधिर ह्यांना दायभागांतून वगळलें आहे. रोमन सम्राट जस्टिनियन ह्याच्या संहितेनें जन्मतः मूकबधिर असलेल्यास मृत्युपत्र करण्याचा अधिकार नाकारला. मागाहून बहिरा झालेल्या व अक्षरें जाणणाऱ्या मनुष्यास मात्र तो दिला. म्हणजे अक्षरज्ञान असणें वा नसणें ह्यावर माणसाचा हक्क अवलंबून होता. सोळाव्या शतकांत स्पेनमधील पेद्रो पोन्से दे लेऑन ह्या साधूनें सरदार घराण्यांतील बहिऱ्या मुलांना लिहावयास व बोलावयास शिकविलें, हें ह्या संदर्भांत लक्षांत घेण्याजोगें आहे. आपल्याकडे हिंदु कायद्यांतील ही अपात्रता दूर होण्यास १९२८ साल उजाडावें लागलें.

अठराव्या शतकांत युरोपांत ह्या शिक्षणाच्या दोन वाटा पडल्या. पॅरिसमध्यें द लेपे ह्या धर्मोपदेशकानें बहिऱ्या मुलांच्या हातांच्या खुणांचा आधार घेऊन त्यांना फ्रेंच शिकविली. जर्मनींत हायनिके ह्यानें तोंडी बोलण्यावर भर दिला. ह्या वादाचा निकाल १८८० सालीं मिलान येथील परिषदेंत लागला. तेथें जमलेल्या शिक्षकांनीं खुणांना बाजूला सारून वाणीला कौल दिला. ज्यांच्याविषयीं निर्णय झाला, त्या बधिरांचा आवाज त्या सभेंत जवळजवळ नव्हताच.

मुंबईंत बिशप लिओ म्यूरिन ह्यांच्या पुढाकारानें मूकबधिरांची शाळा निघाली ती ह्यानंतर पांच वर्षांनीं, १८८५ सालीं. हिंदुस्थानांतील ही अशा प्रकारची पहिली शाळा मानतात. पुढें ती माझगांवांत स्थिरावली. कलकत्त्याची शाळा १८९३ सालीं निघाली. ज्या मुलांना घरच्यांनीं 'मुकें' म्हणून कोपऱ्यांत बसविलें होतें, त्यांच्या हातीं पाटी-पेन्सिल देणाऱ्या ह्या संस्थांचें ऋण मोठें आहे. परंतु मिलानची छाया आपल्याकडील शाळांवरही दीर्घ काळ राहिली. आधीं बोलावयास शिकवा, ओंठांवरून वाचावयास शिकवा, भाषा मागून येईल, अशी समजूत दृढ झाली.

श्रोतेहो, ओंठांवरून वाचणें किती कठीण आहे, हें आरशासमोर उभें राहून पाहावें. 'माय', 'पाय' आणि 'बाय' हे तीन शब्द आवाज न काढतां उच्चारा. ओंठ तिन्ही वेळां सारखेच मिटतील. 'काय' आणि 'गाय' ह्यांतला भेद तर घशाच्या आंतच राहतो. ज्याला मराठी येते तो संदर्भानें तर्क करील. ज्याला ती अजून शिकावयाची आहे, त्यानें तर्क कशाच्या बळावर करावा? पुष्कळ मुलांचीं उमेदीचीं वर्षें एकेक वर्ण घशांतून काढण्यांत गेलीं, आणि पुस्तक मात्र दूरच राहिलें.

ह्या अवधींत मुलें गप्प बसलीं होतीं असें नव्हे. वर्गांत हात आवरावयास सांगितले, तरी मैदानांत आणि वसतिगृहांत ते मोकळे होते. मोठीं मुलें लहानांना खुणा देत गेलीं व त्यांतून एक भाषा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. १९७० नंतरच्या दशकांत मदन वसिष्ठ ह्या स्वतः बधिर असलेल्या अभ्यासकानें आपल्या सहकाऱ्यांसह दिल्ली, कलकत्ता, बंगलोर आणि मुंबई येथील खुणांचा अभ्यास केला. ह्या शहरांतील खुणांत पुष्कळ साम्य आढळलें, आणि त्यांना स्वतःचें व्याकरणही आहे असें दिसून आलें. वास्तविक हातांनीं बोलणें आपल्या शहराला अपरिचित नव्हतें. लालबाग-परळच्या गिरण्यांत साचेखात्याच्या खणखणाटांत कामगार हातवाऱ्यांनींच एकमेकांस सांगत. म्हणून त्यांना कोणी मुकें म्हटलें नाहीं.

खुणा शिकविल्या तर मूल बोलणार नाहीं, ही भीति आईबापांना घातली गेली. दादरच्या किती तरी घरांत आजही अशीच एक भीति आढळते कीं, मराठींत शिकविलें तर मुलाचें इंग्रजी कच्चें राहील. दोन्ही समजुतींत चूक एकच आहे. पहिली भाषा पक्की असली तर दुसरी तिच्यावर उभी राहते; पहिलीच काढून घेतली तर दुसरीला पायाच उरत नाहीं.

ही चूक जगाला उशिरां कां होईना, उमगली आहे. २०१० सालीं व्हँकूव्हर येथील परिषदेनें मिलानचे ठराव फेटाळले व त्यांबद्दल खेद व्यक्त केला. मुंबईंत वांद्र्यास १९८३ सालीं अली यावर जंग ह्यांच्या नांवाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. दिल्लींत २०१५ सालीं भारतीय सांकेतिक भाषेचें केंद्र निघालें. त्याच्या कोशांत २०१८ सालीं ३,००० शब्द होते, ते २०२१ पर्यंत १०,००० झाले. परक्यांच्या हातीं मराठीचा कोश आला, त्याला जवळजवळ दोनशे वर्षें होत आलीं. ह्या मुलांच्या भाषेचे कोश आतां कोठें होत आहेत.

श्रवणयंत्रें व शस्त्रक्रिया ह्यांनीं आज कित्येक मुलांना आवाज लाभतो, आणि तो अवश्य मिळवून द्यावा. मूल जन्मतांच त्याच्या कानांची तपासणी करून घ्यावी. कारण भाषा रुजण्याचीं पहिलीं वर्षें परत येत नाहींत. परंतु यंत्राची वाट पाहत मुलाला भाषेवांचून ठेवूं नये. आईनें दोन हातांनीं त्याला 'पाणी' म्हणावें, 'आजी' म्हणावें, गोष्ट सांगावी. त्याच्याजवळ सांगण्यासारखें कांहीं झालें, म्हणजे तें लिहावयास मराठी शिकेल. ती त्याची दुसरी भाषा असेल. पण ती त्याचीच असेल.