पगार आणि उंची : सोयरिकीच्या दोन मोजपट्ट्या

स्थळ पाहावयास आलेली मंडळी दोन प्रश्न हटकून विचारतात : मुलाला पगार किती, आणि मुलीची उंची किती? प्रश्न साधेच, परंतु त्यांच्यामागे मोठा इतिहास उभा आहे. तो शोधण्यासाठी शहरात जावयास नको. महाड तालुक्यातील तुडीलसारख्या गावाच्या ओटीवर बसूनही त्याचा माग लागतो.

महाड-पोलादपूरचा मुलूख डोंगराळ. खाली पावसाळी भात, वर वरकस जमिनीत नाचणी-वरी. अशा मुलखात बाईचे कष्ट हे घराचे भांडवलच होते. म्हणूनच अनेक कष्टकरी जातींत मुलीच्या बापाला देज देण्याची चाल होती. उच्च मानल्या गेलेल्या जातींतही पैसा घेऊन कन्या देणारे बाप होतेच. धनिक वृद्धाला मुलगी विकू पाहणारा असा बाप गोविंद बल्लाळ देवल यांनी १८९९ साली ‘संगीत शारदा’ या नाटकातून रंगभूमीवर उभा केला. मिळकत वराची, निर्णय बापाचा. शारदेला विचारतो कोण? पुढे १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीचे विवाहाचे किमान वय चौदा ठरविले. त्याने वयाला कुंपण पडले, व्यवहाराला मात्र नाही.

तो व्यवहार उलट्या दिशेने वाहू लागला तो नोकरीच्या काळात. १८५४ साली मुंबईत पहिल्या कापड गिरणीची स्थापना झाली, आणि पुढील दशकांत कोकणची तरुण मंडळी गिरणगावाची वाट धरू लागली. चाकरमानी जावई हे गावाचे भूषण झाले. शेताच्या बांधाइतकीच मुंबईच्या खोलीला आणि महिन्याच्या मनीऑर्डरीला किंमत आली. पगारी वर दुर्मीळ. म्हणून देज मागे पडून हुंडा पुढे सरसावला. १९६१ च्या कायद्याने हुंड्यास बंदी केली. तो केवळ नाव बदलून मानपान झाला.

परंतु पगाराची शाश्वती किती? जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि सुमारे अडीच लाख कामगारांच्या चुली संकटात आल्या. ज्या नोकरीच्या भरवशावर सोयरिकी जुळल्या, ती नोकरीच अनेकांना पुन्हा मिळाली नाही. त्या काळात संसार तरले ते पगाराच्या आकड्यावर नव्हेत. कुणी भाजी विकली, कुणी खानावळ चालविली, कुणी गावाकडची शेती पुन्हा कसली. यांतील बराचसा भार बायकांनीच उचलला. आणि हे गुण स्थळ पाहताना कुणीच विचारलेले नव्हते.

आता उंचीचे पाहू. उंची ही निसर्गाची देणगी, असे आपण मानतो. ते अर्धेच खरे आहे. आईबापांकडून येणारा वारसा असतोच. परंतु बालपणीचे अन्न, स्वच्छ पाणी, वारंवार येणारे आजार यांचा हिशेबही शरीर लिहून ठेवते. म्हणजे उंची हीसुद्धा काही अंशी बापाच्या मिळकतीचीच नोंद होय. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या आधारे अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन यांनी २००८ साली दाखवून दिले की, भारतीयांची उंची पिढीगणिक वाढत असली तरी स्त्रियांची वाढ पुरुषांच्या मानाने मंद आहे. यामागे मुलींच्या वाट्याला आलेली हेळसांड असावी, असे मानावयास जागा आहे.

येथे आपल्या घराघरांचा प्रश्न उभा राहतो. ज्या घरात मुलाच्या ताटात आधी वाढले जाते आणि उरलेसुरले मुलीला मिळते, तेच घर पुढे तिला भिंतीशी उभी करून इंच मोजते. आणि दुसऱ्याच्या मुलीची उंची विचारणारेही आपणच असतो.

पगार आणि उंची विचारूच नये, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. संसाराला मिळकत लागतेच. परंतु पगार आज आहे, उद्या नाही. उंची तर मोजणाऱ्यांच्याच पिढीने घडविलेली. म्हणून पुढच्या वेळी स्थळ पाहावयास जाल, तेव्हा मोजपट्टी खिशात ठेवून आणखी एक प्रश्न विचारावा. तो मुलाला आणि मुलीला, दोघांनाही वेगळे बसवून विचारावा : ‘तुला हे मान्य आहे का?’ शारदेला तो कुणी विचारला नव्हता.