मांसावरचा सरकारी शिक्का

पाकीटबंद कच्चे मांस ताजे आहे की नाही हे कसे ओळखावे, असे परप्रांतात राहणारे मराठी स्नेही मला अधूनमधून विचारतात. प्रश्न स्वयंपाकघरातला वाटतो खरा; परंतु त्यामागे प्रशासनाचा शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. तो मुख्यतः अमेरिकेत घडला, कारण कारखान्यात कापलेले मांस शेकडो मैल दूर विकण्याचा व्यवहार तेथे फार लवकर वाढला.

अर्थशास्त्रात वस्तूंचे तीन वर्ग मानतात: घेण्यापूर्वी पारखता येणाऱ्या, वापरल्यावर कळणाऱ्या आणि वापरूनही नीटसे न कळणाऱ्या. खाटकाने डोळ्यांदेखत कापून दिलेले मटण बव्हंशी पहिल्या वर्गात मोडत असे. मांस पाकिटात गेले आणि ते तिसऱ्या वर्गाकडे सरकले. अशा वस्तूच्या बाबतीत ग्राहक स्वतःच्या नाकाऐवजी शिक्क्यावर विश्वास ठेवतो. तेव्हा शिक्का नेमकी कशाची हमी देतो, हा खरा प्रश्न आहे.

अप्टन सिंक्लेअर यांच्या 'द जंगल' या कादंबरीने शिकागोच्या कत्तलखान्यांची घाण चव्हाट्यावर आणली, अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी चौकशी करविली आणि ३० जून १९०६ रोजी मांस तपासणीचा कायदा झाला. सरकारी निरीक्षक प्रत्येक जनावर पाहून, चाचपून आणि हुंगून शिक्का मारू लागले. त्या काळी हे योग्यच होते. क्षयाच्या गाठी, गळवे, सडका भाग ही सारी डोळ्यांना दिसणारी लक्षणे होती. मात्र साल्मोनेला डोळ्यांना दिसत नाही. तो तपासलाच जात नसेल तर 'तपासून मंजूर' हा शिक्का दिशाभूल करणारा ठरतो, असा दावा घेऊन तेथील सार्वजनिक आरोग्य संघटना न्यायालयात गेली. १९७४ साली वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने तो फेटाळला. कायद्याला सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी अभिप्रेत नाही आणि मांस नीट शिजवावे हे गृहिणींना ठाऊक असते, असा निकालाचा आशय होता. कायद्याच्या शब्दांना धरून तो चूक म्हणता येणार नाही. पण शिक्क्याचा दप्तरातला अर्थ एक आणि ग्राहकाच्या मनातला दुसरा, ही दरी तशीच राहिली.

तिची किंमत १९९३ साली मोजावी लागली. 'जॅक इन द बॉक्स' या उपाहारगृहांच्या साखळीतील अर्धकच्च्या हॅम्बर्गरमुळे सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुले दगावली. ई. कोलाय ओ१५७:एच७ हा जंतू वासावरून कळत नाही. अखंड तुकड्यात जंतू बहुधा पृष्ठभागावरच असतात. खिमा करताना ते आतपर्यंत मिसळतात. १९९४ साली अमेरिकी शासनाने हा जंतू असलेला कच्चा गोमांसाचा खिमा भेसळयुक्त ठरविला. व्यावसायिक न्यायालयात गेले आणि हरले. त्याच वर्षी पाकिटांवर हाताळणीच्या सूचना छापणे सक्तीचे झाले. १९९६ च्या नियमांनी हुंगण्याच्या तपासणीला जंतुचाचणीची आणि उत्पादनातील धोक्याच्या प्रत्येक टप्प्यावरील नियंत्रणाची जोड दिली. नव्वद वर्षे लागली याला!

रंगाचा भरवसा तर नाकाहूनही कमी. निर्वात पाकिटातले गोमांस जांभळट दिसते, हवा लागली की लालभडक होते आणि पुढे तपकिरी पडते. हा सारा मायोग्लोबिन या रंगद्रव्याचा खेळ आहे. अमेरिकेत पाकिटात अल्प प्रमाणात कार्बन मोनॉक्साइड भरू देतात, त्यामुळे मांस शिळे झाले तरी लालच राहते. युरोपीय संघात याला परवानगी नाही. चिकट बुळबुळ, फुगलेले पाकीट, पाकीट उघडून काही मिनिटे झाली तरी न जाणारी आंबूस दुर्गंधी, ही मांस टाकून देण्याची पुरेशी कारणे होत. पण ती नसणे हा निर्धोकपणाचा पुरावा नव्हे. नासवणारे जंतू आणि आजारी पाडणारे जंतू बहुधा वेगवेगळे असतात.

आपल्याकडे १९७३ च्या मांस उत्पादन आदेशाचा भर प्रक्रिया केलेल्या मालावर होता. कच्च्या मांसाचा रोजचा बाजार प्रामुख्याने नगरपालिकांच्या हाती राहिला. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ ने विखुरलेले आदेश एका छत्राखाली आणले. तो ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला. पाकिटावर तारीख आली, परवाना क्रमांक आला. तथापि ही तारीख सशर्त असते: शीत मांस ० ते ४ अंश सेल्सिअसला, गोठवलेले उणे १८ ला राहिले तरच ती खरी. दुपारी चार तास वीज गेलेल्या दुकानात छापील तारीख बदलत नाही, जंतूंची संख्या बदलते. म्हणून स्नेह्यांना मी सांगतो, की तारखेआधी दुकानाच्या शीतपेटीचा तापमापक पाहा. खिमा आणि कोंबडी फ्रिजमध्ये दोन दिवसांपलीकडे ठेवू नका. आणि खिमा आतपर्यंत ७१ अंशांना, कोंबडी ७४ अंशांना पोहोचेल इतकी शिजवा. रश्श्यात तासभर रटरटणाऱ्या आपल्या मटणाला ही अट जड जात नाही. कबाब आणि बर्गर खाणाऱ्यांनी मात्र ती लक्षात ठेवावी.