कांदोळीचा फारिया आणि माझी झोप

बेतीहून फेरीबोटीने पणजीला उतरलो की ऑफिसला जाताना मला रोज आबे फारियाचा पुतळा लागतो. जुन्या सचिवालयाच्या बाजूला हात पसरून उभा असलेला पाद्री आणि त्याच्यापुढे मागे कलंडत चाललेली बाई. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांचा हा पुतळा १९४५ साली उभा राहिला. पर्यटक फोटो काढतात आणि "हा तिचा गळा दाबतोय काय?" असे विचारतात. आपल्यातल्याही बऱ्याच जणांना वाटते, की दुसऱ्याच्या मनावर ताबा मिळवणारा हा कोणी जादूगार असावा. गंमत म्हणजे फारियाने पॅरिसमध्ये जे कंठशोष करून सांगितले, ते नेमके याच्या उलट होते.

जुझे कुस्तोदियो द फारिया १७५६ साली कांदोळीला जन्मला. आईवडील विभक्त झाले. वडिलांनी पाद्रीपण स्वीकारले, आई जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठात गेली आणि १७७१ मध्ये हा मुलगा वडिलांबरोबर लिस्बनला निघाला. पुढे रोमला धर्मशास्त्र शिकून तोही पाद्री झाला.

त्याची एक गोष्ट गोव्यात सर्वांना ठाऊक आहे. लिस्बनला राणीसमोर प्रवचन द्यायला उभा राहिला आणि त्याची वाचाच बसली. तेव्हा खालून वडील कोकणीत पुटपुटले, ही सगळी भाजी आहे, काप! आणि पोराची जीभ सुटली म्हणे. दंतकथा असेलही. पण मला ती खरी वाटते. 'बोल, बोल' असे तो स्वतःला बजावत होता तोवर मन अडून बसले होते. भाजीचा विषय निघाला आणि ते आपसूक मोकळे झाले.

१७८८ मध्ये तो पॅरिसला गेला. तिथे मेस्मरच्या 'प्राणिज चुंबकत्वा'चा बोलबाला होऊन गेला होता. उपचार करणाऱ्याच्या अंगातून एक अदृश्य द्रव निघतो आणि रोग्याला बरे करतो, असा तो सिद्धांत. १७८४ मध्ये राजाने चौकशीसाठी समिती नेमली. तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिएसारखी माणसे होती. एका मुलाला बागेत नेऊन सांगितले, की यातले एक झाड चुंबकित केले आहे. पोरगा भलत्याच झाडापाशी मूर्च्छित पडला! समितीने निकाल दिला, द्रव वगैरे काही नाही, ही नुसती कल्पना.

समितीच्या लेखी फाईल बंद झाली. फारियाने मात्र ती पुन्हा उघडली. नुसती कल्पना माणसाला मूर्च्छा आणत असेल, तर ती कल्पनाच केवढी मोठी शक्ती! १८१३ पासून तो जाहीर प्रयोग करू लागला. माणसाला आरामात बसवायचे, डोळे मिटून झोपेचा विचार करायला सांगायचे आणि मग मोठ्याने म्हणायचे, "झोपा!" काहीजण झोपत, काही झोपत नसत. झोपेचे कारण माझ्यात नाही, झोपणाऱ्यात आहे, हे त्याचे म्हणणे. रक्त पातळ असलेल्यांना ही झोप लवकर लागते, अशी त्याची एक चुकीची समजूतही होती. पण मूळ मुद्दा खरा निघाला. पुढे नान्सीच्या लिएबो आणि बेर्नहाइम या डॉक्टरांनी सूचनेचे शास्त्र याच वाटेने पुढे नेले.

हयातीत मात्र चेष्टाच वाट्याला आली. १८१६ मध्ये त्याची टर उडवणारे नाटक रंगभूमीवर आले. त्याचे पुस्तक १८१९ मध्ये निघाले आणि त्याच वर्षी २० सप्टेंबरला तो वारला.

हे सगळे मी वाचले ते झोप येत नव्हती म्हणून. मागच्या पावसाळ्यात एका निवृत्त शिपायाच्या पेन्शनच्या फाईलवर मी सेवेची वर्षे चुकीची लिहिली. फाईल आक्षेप लागून परत आली, म्हाताऱ्याचे पैसे चार महिने लांबले. तो काउंटरवर येऊन काही बोलायचा नाही, नुसता बाकावर बसायचा. रात्री डोळे मिटले की तो बाक दिसे. लहानपणी आमच्याकडे दिवेलागणीला मनाचे श्लोक म्हणत, ते सगळे पाठ. तेही म्हणून पाहिले, उलटे आकडे मोजले. 'झोप' असा स्वतःला हुकूम सोडला की डोळे टक्क उघडत. प्रत्यक्ष अर्जुनाने कृष्णापुढे मनाची तक्रार केली, तिथे माझ्यासारख्या कारकुनाची काय कथा!

फारिया वाचल्यावर एवढे कळले, की मनाला हुकूम चालत नाही. ते ज्याला धरून बसले असेल, त्याचेच काहीतरी करावे लागते. दुसऱ्या दिवशी मी नोटिंगमध्ये स्वच्छ लिहिले, चूक माझी आहे, आणि स्वतः फाईल घेऊन टेबलाटेबलांवर फिरलो. साहेब बोलले ते बोलले. म्हाताऱ्याला त्याच्या घरी जाऊन सांगितले. त्याने चहा पाजला, पण "बरे झाले" असे काही म्हणाला नाही.

त्या रात्री गाढ झोप लागली असे सांगितले तर खोटे होईल. दोनला जाग आलीच. पण बाक रिकामा होता.