धंदा बसला तर देणं कोण फेडणार? नादारीचा कायदा आणि आपलं घर

भिवंडी-मालेगावात सूत उधारीवर येतं आणि कापडही उधारीवरच जातं. मधला एक जण बसला की मागचे-पुढचे सगळे अडकतात, आणि बाजारात एकच बोललं जातं, 'त्याने दिवाळं काढलं.' कायद्यात मात्र हे इतकं सरळ नाही. धंदा कोणत्या स्वरूपात नोंदवलाय आणि सही कोणी केलीय, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

आधी कंपनीचं बघू. प्रायव्हेट लिमिटेड असो वा पब्लिक, तिला 2016 ची नादारी व दिवाळखोरी संहिता लागू होते. थकबाकी किमान 1 कोटीची असेल तर धनको, म्हणजे ज्याचं येणं आहे तो, राष्ट्रीय कंपनी विधि न्यायाधिकरणात जाऊ शकतो. ही मर्यादा आधी 1 लाख होती, मार्च 2020 मध्ये वाढवली. त्यामुळे छोट्या व्यापाऱ्याला हा दरवाजा जवळपास बंदच झाला, असं आमचं मत आहे.

अर्ज दाखल करून घेतला की कंपनीवरचे दावे आणि जप्ती थांबतात. कारभार संचालकांच्या हातून जाऊन न्यायाधिकरणाने नेमलेल्या व्यावसायिकाकडे येतो. निकालासाठी कायद्यात 330 दिवसांची कमाल मुदत आहे. प्रत्यक्षात जेट एअरवेजचं प्रकरण जून 2019 मध्ये मुंबईत सुरू झालं आणि नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढायला सांगितलं.

कंपनी वाचवायची की नाही, हे धनकोंची समिती ठरवते. तिच्यात मत असतं बँकांना आणि इतर कर्ज देणाऱ्यांना. माल पुरवणाऱ्याला, सुताच्या व्यापाऱ्याला, ट्रान्सपोर्टवाल्याला मत नाही. कंपनी मोडीत निघाली तर आधी प्रक्रियेचा खर्च जातो. मग कामगारांची 24 महिन्यांची देणी आणि तारण सोडून दिलेल्या बँका एकाच पायरीवर येतात. त्यानंतर इतर कर्मचाऱ्यांचा 12 महिन्यांचा पगार, मग विनातारण कर्जं, मग सरकारी देणी. माल पुरवणारा त्याच्याही खाली असतो, तिथवर बहुतेकदा काही उरत नाही. कामगारांच्या पीएफ-ग्रॅच्युइटीच्या पैशाला मात्र या वाटपात हात लावता येत नाही.

म्हणून छोट्या पुरवठादारांना आमचं सांगणं, उद्यम नोंदणी करून ठेवा. सूक्ष्म वा लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावं लागतं. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं, त्यासाठी राज्यात सुविधा परिषद आहे. (व्याज नको असेल तर निदान मुद्दल तरी मागा.) येणं तीन वर्षांहून जुनं होऊ देऊ नका, मुदत संपायच्या आत समोरच्याकडून बाकी लेखी कबूल करून घ्या. चेक बाउन्सची केस असेल तर ती कंपनीपुरती थांबते, जबाबदार संचालकांवर चालू राहते.

आता घराकडे येऊ. आपल्याकडचे बहुतेक धंदे कंपनी नाहीतच, एकट्याच्या मालकीचे किंवा भावाभावांच्या भागीदारीचे आहेत. तिथे धंद्याचं देणं म्हणजे मालकाचं स्वतःचं देणं. भागीदारीत तर एका भावाने धंद्यासाठी घेतलेलं सगळं कर्ज दुसऱ्या भावाकडूनही वसूल होऊ शकतं. अशांसाठी नव्या संहितेचा भाग लागू व्हायचाच आहे. त्यामुळे मुंबई शहरात 1909 चा आणि बाकी महाराष्ट्रात 1920 चा इंग्रजांच्या काळचा कायदा चालतो.

कंपनी असली तरी बँक हमीपत्र मागते, आणि अब्बांची किंवा मोठ्या भावाची सही 'फॉर्मॅलिटी आहे' म्हणत घेतली जाते. ती फॉर्मॅलिटी नाही. हमीदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँक कंपनीला आधी हात न लावता थेट त्याच्या दारात येऊ शकते. कंपनीला मिळालेली स्थगिती त्याला मिळत नाही, उलट डिसेंबर 2019 पासून हमीदारावरही नादारीची कारवाई करता येते. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कायम केलं. कंपनीचा तोडगा निघाला म्हणून हमीदार आपोआप सुटत नाही, हेही तेव्हाच सांगितलं.

मग घाईघाईने फ्लॅट बायकोच्या नावावर केला जातो. धनकोंना चुकवण्यासाठी केलेलं असं हस्तांतर कोर्ट रद्द करू शकतं. कंपनीने नातेवाइकांना झुकतं माप देऊन केलेले मागच्या दोन वर्षांतले व्यवहारही उघडले जातात.

मालकाचा इंतकाल झाला तर? मय्यतीच्या मालमत्तेतून कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसियत, आणि उरेल ते वारसांत. बीवीचा न दिलेला मेहर हेही कर्जच आहे. मुलांना आपल्या वाट्याला आलेल्या मालमत्तेपुरतंच देणं लागतं, त्यांच्या स्वतःच्या कमाईतून नाही, अर्थात त्यांनी हमीपत्रावर सही केली नसेल तर.

कुठली कंपनी नादारीत गेल्याची जाहीर सूचना वर्तमानपत्रात आली आणि तुमचा पगार वा बिल अडकलं असेल, तर त्या सूचनेतल्या तारखेच्या आत दावा दाखल करा. सोबत बिलं, चलन आणि बँकेचं स्टेटमेंट लागतं. तोंडी हिशेब तिथे चालत नाही.