सुरकुतलेल्या दाण्याचं कूळ

स्वीट कॉर्नच्या बियाण्याची पुडी पहिल्यांदा फोडणाऱ्याला बी खराब निघालं असंच वाटतं. साध्या मक्याचा दाणा टपोरा आणि तुकतुकीत. हा सुकलेला, सुरकुतलेला, हाताला हलका. बी उत्तम असतं. या मक्याची गोडी आणि त्याचं कूळ दोन्ही त्या सुरकुत्यांशी बांधलेलं आहे.

मक्याचं मूळ घर मेक्सिको. तिथल्या बाल्सास नदीच्या खोऱ्यात सुमारे 9000 वर्षांपूर्वी लोकांनी टेओसिंटे नावाच्या रानगवतातून तो घडवला. मक्याचं झाड पानांत तयार झालेली साखर दाण्यात आणतं आणि तिथं तिचं पिष्ट करून साठवतं. ही कोंबाची शिदोरी. काही झाडांत एका अप्रभावी जनुकामुळे हे काम अर्धवट राहतं. मग कोवळा दाणा गोड लागतो आणि वाळला की आक्रसतो. शिदोरीच तोकडी असलेलं असं बी आपल्या बळावर फार पिढ्या तगत नाही. ते टिकलं, कारण कुणीतरी ते निवडलं, वेगळं ठेवलं आणि वेगळं पेरलं. अमेरिका खंडात हे एकाहून अधिक ठिकाणी, एकमेकांच्या नकळत घडलं.

उत्तरेकडे होडेनोशोनी लोकांत, ज्यांना युरोपीय इरोक्वॉय म्हणत, शेती बायकांच्या हाती होती. मका, घेवडा आणि भोपळा त्या एकत्र लावत. 1779 मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनच्या आज्ञेवरून जनरल सुलिव्हनची फौज त्यांच्या मुलखात शिरली. 40 गावं आणि 1,60,000 बुशेल मका नष्ट केल्याचं सुलिव्हनने स्वतःच आपल्या अहवालात लिहिलं. याच मोहिमेतल्या रिचर्ड बॅगनाल नावाच्या अधिकाऱ्याने सस्क्वेहॅना नदीकाठची ‘पापून’ नावाची गोड कणसं मॅसॅच्युसेट्सला नेली, अशी नोंद अमेरिकेच्या शेतीविषयक जुन्या लिखाणात आहे. तेव्हापासून गोड मक्याच्या इतिहासात पहिलं नाव बॅगनालचं घेतलं जातं. ज्या बायकांनी ते बी पिढ्यान् पिढ्या राखलं त्यांच्यापैकी एकीचंही नाव त्या गोष्टीत येत नाही. मला हा अन्याय वाटतो. एका हंगामात बी उचलून नेणारा आणि ते शतकानुशतकं शुद्ध राखणाऱ्या यांना एका तागडीत तोलता येणार नाही.

पुढचं मोठं वळण आलं ते एका परसबागेतून. मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रीनफील्ड गावी विल्यम चेंबर्स आपल्या बागेत पिवळ्या दाण्यांचा, आखूड कणसांचा, लवकर तयार होणारा गोड मका लावत असे. त्याच्या मृत्यूनंतर ते बी बर्पी या बियाणे कंपनीपर्यंत पोचलं आणि 1902 मध्ये ‘गोल्डन बँटम’ या नावाने विकायला आलं. तोवर अमेरिकेत माणसांनी पांढरा मका खावा आणि पिवळा जनावरांना घालावा, अशीच समजूत होती. या एका वाणाने ती मोडली.

तरी एक अडचण उरलीच. कणीस खुडलं की दाण्यातली साखर भराभर घटते. उन्हाळ्यात एका दिवसात निम्मी गोडी जाते. 1953 मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या जॉन लॉफनन यांनी दुसऱ्याच एका जनुकाकडे लक्ष वेधलं. त्याच्यामुळे साखरेचं पिष्ट होण्याची वाट सुरुवातीलाच अडते. दाणा कितीतरी अधिक गोड होतो आणि खुडल्यावरही काही दिवस गोड राहतो. वाळल्यावर मात्र तो आणखीनच चपटा पडतो.

परसबागेतले नियम या कुळातूनच आले आहेत. शिदोरी कमी, म्हणून गार आणि चिखलट मातीत हे बी कुजतं. माती उबदार आणि वाफशावर असतानाच ते टोकावं. कणसाच्या एकेका केसामागे एकच दाणा असतो आणि तुऱ्यातले परागकण वाऱ्याने येतात, म्हणून एकच लांब ओळ लावण्याऐवजी चौकोनी वाफ्यात चार आखूड ओळी लावाव्यात. शेजारच्या शेतात साधा मका असेल तर पेरणीत तीनेक आठवड्यांचं अंतर ठेवावं. त्याचे पराग आले तर त्याच हंगामातले दाणे पिठूळ होतात.

जुना गोड मका आणि लॉफनन यांच्या जनुकाचा अतिगोड मका शेजारी लावून दोघांना तुरे एकाच वेळी आले, तरी हेच होतं. एकाच्या जनुकांत जे काम अडलेलं असतं, ते दुसऱ्याच्या जनुकाने पुरं होतं, आणि दोन गोड मक्यांच्या संकरातून साधा पिठूळ दाणा भरतो. म्हणून लहान बागेत एका वेळी एकाच जातीचा गोड मका लावावा.