धुरावर फिरणारा भोवरा

चुलीत लाकूड धुमसू लागले की घरातली बाई फुंकणी उचलते. लाकूड तेच असते, पण वारा मिळाला की धूर हटतो आणि जाळ होतो. डिझेल इंजिनाचे दुखणे अगदी हेच आहे. डिझेल लागेल तेवढे सोडता येते. ते जाळायला हवा कुठून आणायची? पिस्टन खाली जाताना जेवढी आत येईल तेवढीच. त्याहून जास्त डिझेल सोडले तर ते अर्धवट जळते आणि काळा धूर होऊन बाहेर पडते. घाट चढणाऱ्या ट्रकमागे तुम्ही कधी अडकला असाल, तर हा धूर तुमच्या ओळखीचा आहे.

यावरचा इलाज स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअरला सुचला. त्याचे पेटंट १९०५ सालचे. इंधनाच्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा तापलेल्या धुराबरोबर वाया जातो. ब्यूखी म्हणाला, या धुराच्या वाटेत एक पात्यांचे चक्र ठेवू आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र. धुराने पहिले फिरेल, दुसरे बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात भरेल. म्हणजे चुलीच्या धुरानेच चुलीला फुंकर! टर्बो या लॅटिन शब्दाचा अर्थ वावटळ, आणि भोवराही. यंत्रांना इतकी नेमकी नावे क्वचितच मिळतात.

कल्पना सोपी होती. तो ताप आणि तो वेग सोसणारे धातू मात्र तेव्हा नव्हते. दरम्यान अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ साली विमानाचे इंजिन ट्रकवर लादून पाइक्स पीक या चौदा हजार फुटांवरच्या डोंगरावर नेले आणि विरळ हवेतही टर्बो इंजिनाची ताकद टिकवतो, हे दाखवले. ब्यूखीला यश आले ते जर्मनीच्या दोन प्रवासी जहाजांवर, १९२६च्या सुमारास. १७५० अश्वशक्तीची इंजिने २५०० अश्वशक्ती देऊ लागली. पुढे १९३८ साली स्विस कंपनी साऊररने ट्रकच्या इंजिनाला टर्बो बसवला.

मला या इतिहासातली सर्वांत बोलकी वाटते ती १९५२ची इंडियानापोलिसची शर्यत. अमेरिकेच्या कमिन्स कंपनीने तिथे टर्बो लावलेली डिझेल गाडी उतरवली. डिझेल म्हणजे ट्रकचे, ट्रॅक्टरचे इंजिन. शर्यतीत त्याचे काय काम, असेच लोकांना वाटले असणार. पण फ्रेड अगाबाशियन या चालकाने पात्रताफेरीत ताशी १३८ मैलांची, म्हणजे सुमारे २२२ किलोमीटरची सरासरी गाठून पहिल्या रांगेतली पहिली जागा पटकावली. शर्यत २०० फेऱ्यांची. सत्तर फेऱ्या झाल्या आणि गाडी मागे धूर सोडत बाहेर पडली. इंजिन धड, चक्रेही धड. टर्बोने हवा ओढायचे तोंड गाडीच्या पुढे, खाली होते. टायर घासून उडणारा रबराचा चुरा त्यात जाऊन बसला आणि हवेची वाट बंद झाली.

आपल्याकडच्या ट्रकांचे पुष्कळसे आजार याच जातीचे असतात. पुण्यात १९६२ साली किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली. त्याच कमिन्सचा हा भारतातला संसार. ट्रकला टर्बो सर्रास आला तो मात्र २०००नंतर धुराचे नियम कडक होत गेले तेव्हा. आता गाडी ओढेनाशी झाली, पिकअप गेला की पहिला निकाल लागतो, ‘टर्बो गेला.’ हप्त्यावर गाडी घेतलेल्या मालकाला तो निकाल फार महागात पडतो.

खरे तर आधी एअर फिल्टर पाहावा. धुळीने तो बुजला असेल तर इंडियानापोलिसचीच गोष्ट. मग टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनापर्यंत जाणारे रबरी होज पाइप. एखादी क्लिप सैल असते, एखादा पाइप पोटाखालून चिरलेला असतो. दाबलेली हवा तिथून फुसफुसत निसटते आणि काळा धूर सुरू होतो. गंमत अशी, की गॅरेजात उभ्या गाडीत ही चीर बोलतच नाही. टर्बोचा दाब तयार होतो तो माल भरून चढ चढताना. म्हणून जाणता मेकॅनिक पाइपात बाहेरून बेताची हवा भरतो, वर साबणाचे पाणी लावतो आणि बुडबुडे पाहतो. एक्झॉस्टच्या जोडावर काजळीचा ओरखडा दिसला तर तिथून धूरच निसटतो आहे, भोवऱ्याला फिरवणार कोण? नव्या गाड्यांत दिवा लागतो, पण तोही दाब कमी आहे एवढेच सांगतो. कुठे फाटले आहे ते हातानेच शोधावे लागते.

निळा धूर असेल तर इंजिनात ऑइल जळते आहे. ते टर्बोतून येत असेल, तर नवा टर्बो बसवण्याआधी जुना का गेला हे पाहिलेच पाहिजे. तो दांडा मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो आणि त्याला आधार असतो तो ऑइलच्या पातळ थराचा. ऑइल घाण असेल, त्याची नळी चोंदली असेल, तर नवाही जुन्याच्या वाटेने जातो.

घाट चढून आल्यावर ढाब्यापाशी गाडी उभी राहते. ड्रायव्हर लगेच चावी फिरवत नाही, इंजिन तसेच चालू ठेवतो. शेजारी बसलेला मालक जळणाऱ्या डिझेलचा हिशेब करू लागतो. त्या दोन-तीन मिनिटांत तापलेल्या दांड्याला ऑइल मिळत असते आणि भोवरा हळूहळू निवत असतो.