जुन्या छऱ्याच्या बंदुकांवरील रबरी गादी : जतन की बदल?
(तळा परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

शस्त्रांच्या इतिहासाचा अभ्यास बहुधा नळी, चाप, कारागिराचे नाव आणि मालकाचे घराणे यांभोवती फिरत असतो. दस्त्याच्या टोकाशी बसविलेल्या, खांद्याला टेकणाऱ्या रबरी गादीकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. पोलाद व अक्रोडाचे लाकूड योग्य निगा राखल्यास शतकाहून अधिक काळ टिकते. गादी मात्र काही दशकांतच कडक होते, चिरते किंवा चिकट होऊन तिचा आकार बिघडतो. अशी गादी काढून नवी बसवावी की आहे तशी राखावी, हा प्रश्न वरकरणी दुरुस्तीचा वाटला तरी मुळात तो ऐतिहासिक साधनांच्या जतनाचा आहे. प्रस्तुत लेखात रायगड जिल्ह्यातील तळा व त्यालगतच्या मुलखाच्या पार्श्वभूमीवर या प्रश्नाचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

तळगडाच्या पायथ्याशी वसलेले तळे हे कोकणातील जुने बाजारपेठेचे गाव होय. १६४८ मध्ये तळगड शिवाजी महाराजांच्या ताब्यात आला आणि १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या फौजेने तो घेतला. त्यानंतर हा भाग इंग्रजी अमलाखालील कुलाबा जिल्ह्यात समाविष्ट झाला. पश्चिमेस व दक्षिणेस लागून मात्र सिद्दी नबाबांचे जंजिरा संस्थान होते. त्यामुळे शस्त्रांच्या बाबतीत येथे दोन व्यवस्था शेजारी शेजारी नांदत होत्या. इंग्रजी मुलखात १८७८ च्या शस्त्र कायद्यान्वये बंदुकीसाठी परवाना आवश्यक झाला, तर संस्थानाचा कारभार दरबाराकडे होता. आज फणसाड अभयारण्य म्हणून ओळखले जाणारे जंगल हे जंजिऱ्याच्या नबाबांचे राखीव शिकारीचे रान होते. १९८६ मध्ये त्यास अभयारण्याचा दर्जा मिळाला. शिकार ही दरबारी हौस होती, तर भातशेतीची रानडुकरांपासून राखण ही शेतकऱ्याची गरज होती. बंदुकीचे स्थान या दोन्ही जगांत होते.

गादीचा उगम व कार्य :

ठासणीच्या बंदुकीच्या दस्त्याला टोकाशी पितळी वा लोखंडी पट्टी असे किंवा नुसतेच लाकूड असे. बार उडताच बंदूक मागे येते, हा न्यूटनच्या गतिविषयक तिसऱ्या नियमाचा साधा परिणाम आहे. बारा बोअरच्या बंदुकीत, म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा समान गोळ्यांपैकी एक गोळी बसेल एवढ्या, सुमारे १८.५ मिलीमीटर व्यासाच्या नळीत, साधारण ३० ग्रॅम छरे भरलेले असतात. ते बाहेर पडताना तीन किलो वजनाची बंदूक सेकंदाला ४ ते ५ मीटर वेगाने मागे येते. गादीमुळे हा धक्का नाहीसा होत नाही. तो किंचित अधिक काळात व अधिक क्षेत्रावर विभागला जातो.

अशी गादी शक्य झाली ती गंधकाच्या प्रक्रियेने रबर टिकाऊ करण्याच्या शोधामुळे. अमेरिकेत गुडइयर व इंग्लंडमध्ये हॅनकॉक यांनी १८४० च्या सुमारास ही प्रक्रिया सिद्ध केली. लंडनच्या सिल्व्हर कंपनीची धक्का शोषणारी गादी १८७० च्या दशकात प्रचारात आली. ही कंपनी वसाहतींत जाणाऱ्यांना कपडे व सामान पुरवीत असे आणि तिच्या रबर कारखान्यावरूनच लंडनमधील त्या भागास सिल्व्हरटाऊन हे नाव पडले. भारतात कलकत्त्याची मॅन्टन कंपनी, मुंबईत १८९१ मध्ये उघडलेले आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स यांसारख्या पेढ्यांतून विलायती बंदुका विकल्या जात. मलायातील रबर, इंग्लंडमधील कारखाना, मुंबईची पेढी आणि कोकणातील रान यांना जोडणाऱ्या वसाहतकालीन व्यापाराची खूण म्हणूनही या गादीकडे पाहता येते.

गादी हे ऐतिहासिक साधन :

गादीचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचे अंतर वापरणाऱ्याच्या हाताच्या लांबीनुसार ठेवावे लागते. उंच माणसासाठी गादी जोडून दस्ता लांब केला जाई. ठेंगण्या माणसासाठी लाकूड कापले जाई. बंदूक वडिलांकडून मुलाकडे गेली की हे माप पुन्हा बदले. म्हणून एकाच दस्त्यावरील स्क्रूची जुनी बुजविलेली छिद्रे, लाकडावरील कापाची रेघ आणि नंतरची गादी यांवरून ती बंदूक किती हातांतून गेली याचा अंदाज बांधता येतो. गादीवर उत्पादकाचे नाव उमटलेले असल्यास दुरुस्तीचा काळही ठरविता येतो. कागदोपत्री परवान्यात हे काहीच नोंदलेले नसते.

ऱ्हासाची कारणे :

नैसर्गिक रबराचा ऱ्हास प्राणवायू, ओझोन, उष्णता, प्रकाश व खनिज तेल यांमुळे होतो. कोकणातील उष्ण, दमट हवेत लाकूडही फुगते व आकसते, त्यामुळे गादी व दस्ता यांच्या सांध्यात फट पडते. बंदुकीच्या नळीला लावलेले तेल उभ्या ठेवलेल्या बंदुकीतून खाली दस्त्यात झिरपते व गादीपर्यंत पोहोचते. शिवाय बंदूक गादीवर उभी केल्यास तिचे वजन सतत गादीवर पडून ती दबते. म्हणजेच काळजी म्हणून केलेली कृतीच येथे पुष्कळदा हानीस कारण होते.

जतन की बदल :

१९६४ च्या व्हेनिस सनदेत वास्तूंच्या संदर्भात दोन तत्त्वे मांडली आहेत : जेथे तर्क सुरू होतो तेथे पुनरुज्जीवन थांबावे, आणि नव्याने बसविलेला भाग मूळ भागाशी सुसंगत असूनही वेगळा ओळखू यावा. ही तत्त्वे वस्तूंनाही लावता येतात. जी बंदूक आता वापरात नाही, तिची जुनी गादी चिरलेली असली तरी काढण्याचे कारण उरत नाही. जी परवान्यावर वापरात आहे, तिची कडक झालेली गादी धक्का शोषत नाही व खांद्याला इजा करू शकते. तेथे बदल समर्थनीय ठरतो. मात्र नव्या गादीसाठी लाकूड तासणे वा कापणे हा कायमचा बदल होय, कारण रबर पुन्हा आणता येते, कापलेले लाकूड आणता येत नाही.

कायद्याची चौकट :

१९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार बंदुकीच्या दुरुस्तीचा व्यवसाय परवानाधारकानेच करावयाचा असतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली व वारसाहक्काने आलेल्या शस्त्रांनाही ती लागू केली. परिणामी अनेक घराण्यांतील जुनी बंदूक जमा करण्याची वेळ आली. घराबाहेर जाणाऱ्या बंदुकीबरोबर तिची मापे व खुणाही जातात. म्हणून त्यांची नोंद आधीच होणे अगत्याचे आहे.

निष्कर्ष :

१) वापरात नसलेल्या बंदुकीची मूळ गादी काढू नये; तिला तेल लावू नये व बंदूक गादीवर उभी न ठेवता नळीचे तोंड खाली करून ठेवावी.
२) वापरातील बंदुकीची गादी बदलताना जुनीच छिद्रे व जुनीच जाडी राखावी आणि दस्ता कापू नये.
३) काढलेली गादी टाकून न देता चिठ्ठी लावून थंड, अंधाऱ्या जागी जपावी.
४) बदलापूर्वी छायाचित्र व मापे यांची नोंद करावी. स्थानिक महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी परवानाधारकांच्या संमतीने व त्यांची नावे गुप्त राखून अशा नोंदी घेतल्यास कोकणच्या सामाजिक इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन हाती राहील.

तळगडाचा इतिहास दगडांत टिकून आहे. त्याच्या पायथ्याच्या गावांतील माणसांच्या खांद्यांचे माप मात्र या झिजणाऱ्या रबरात आहे आणि ते टिपून घेण्यास उपलब्ध असलेला काळ मर्यादित आहे.